एकच स्की, अनेक तऱ्हांचा बर्फ

अंबरनाथच्या एमआयडीसीत ऐन पावसाळ्यात मालाने भरलेल्या ट्रकचे चाक रस्ता सोडून कडेच्या चिखलात उतरले, की ते रुतते. मग माणसे चाकाखाली फळ्या सरकवतात. ट्रकचे वजन त्यामुळे कमी होत नाही, फक्त ते अधिक क्षेत्रफळावर पसरते. हिमाच्छादित उतारावरून घसरताना पायाला बांधायची स्की ही अशीच एक फळी आहे. मग ती जितकी रुंद तितकी चांगली का? नाही. ते का, हे पाहू.

प्रथम दाबाचे गणित करू. सामानासह ७५ किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन सुमारे ७३५ न्यूटन भरते. त्याच्या दोन्ही बुटांच्या तळव्यांचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.२ न्यूटन होतो. आता १७५ सेंटिमीटर लांब आणि सरासरी ९ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की त्याच्या पायांना बांधा. क्षेत्रफळ ३,१५० चौरस सेंटिमीटर होते आणि दाब ०.२३ न्यूटनवर येतो, म्हणजे पाच पटींहून कमी. सरासरी रुंदी १२ सेंटिमीटर केली, तर तो ०.१७५ न्यूटन होतो.

नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाची घनता दर घनमीटरला अवघी ५० ते १०० किलोग्रॅम, म्हणजे पाण्याच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. त्यात बूट गुडघ्यापर्यंत रुततो, पण रुंद स्की वरच्या थरात राहते. वेग आला की स्कीचे वर वळलेले टोक हिमाला खाली दाबते आणि हिम स्कीला वर रेटते. पाण्यावर टप्पे घेत जाणारी चपटी खापरी अशीच वर उचलली जाते.

आता घट्ट, गोठलेल्या उताराकडे वळू. तेथे रुतण्याचा प्रश्न नसतो, निसटण्याचा असतो. वळताना स्की एका अंगावर कलते आणि तिची पोलादी कड तेवढी बर्फात रुतते. पायाचा भार मात्र स्कीच्या मध्यरेषेवर असतो. पायाखाली ७० मिलिमीटर रुंद असलेल्या स्कीत मध्यापासून कडेचे अंतर ३५ मिलिमीटर, तर ११० मिलिमीटरच्या स्कीत ५५ मिलिमीटर असते. भार ७०० न्यूटन धरला, तर स्कीला पुन्हा सपाट करू पाहणारे बलाघूर्ण पहिल्या स्कीत सुमारे २४.५ आणि दुसरीत ३८.५ न्यूटन-मीटर होते. हा जोर घोट्याने आणि गुडघ्याने पेलायचा असतो. भुसभुशीत हिमात जी रुंदी आधार देते, तीच येथे पायाला पिळते.

या दोन टोकांचा अनुभव देणारे आपल्या देशातील ठिकाण म्हणजे काश्मीरमधील गुलमर्ग. गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि तेथील गंडोला अफरवतच्या उतारावर ३,९०० मीटरच्याही वर नेते. एकाच दिवसात वर वाऱ्याने घट्ट झालेला थर, मध्ये आडोशाला भुसभुशीत हिम आणि खाली उन्हाने ओलावून रात्री गोठलेला पापुद्रा भेटू शकतो. अशा ठिकाणी एकच जोडी घ्यायची, तर अनुभवी माणूस साधारणपणे पायाखाली ९५ ते १०५ मिलिमीटर रुंदीची स्की निवडतो. तिचे पुढचे टोक लांबवर हलके वर वळलेले असते, म्हणजे ती हिमात बुडत नाही. मधला भाग मात्र कमानीसारखा किंचित उचललेला असतो. भार पडला की ही कमान सपाट होते आणि पूर्ण कड बर्फाला टेकते. नवशिक्याने मात्र दाबून सपाट केलेल्या उतारावर अरुंद आणि आखूड स्कीनेच सुरुवात करावी.

येथे एक इशारा आवश्यक आहे. रुंद स्की खोल हिमात जाण्याचे धाडस देते, पण हिमप्रपातापासून रक्षण करत नाही. ताज्या हिमाच्या थराखाली कमकुवत थर असेल, तर एका माणसाचा भारही तो मोडू शकतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू असेच दगावले. तेव्हा स्की कोणती, याआधी उतार आज सुरक्षित आहे का, हे स्थानिक जाणकारांना विचारले पाहिजे.

वर्गात हिम नसले तरी प्रयोग करता येतो. परातीत मैदा चाळून भुसभुशीत थर पसरा. सारख्या लांबीच्या, पण २ आणि ४ सेंटिमीटर रुंदीच्या दोन लाकडी पट्ट्या घ्या. पट्टीसह एकूण वजन सारखे राहील अशी वजने ठेवून कोणती किती रुतते ते मोजा. नंतर दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध सारख्या उंचीची काठी पक्की उभी बसवा. पट्टी फरशीवर एका कडेवर कलती ठेवून काठी वरून धरून दाबा. रुंद पट्टीची काठी हातात अधिक जोराने फिरू पाहते. ही काठी म्हणजेच आपला पाय. दोन्ही निरीक्षणे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मग विद्यार्थ्यांना विचारा : मैद्यावरही चालेल आणि फरशीवरही चालेल, अशी पट्टी तुम्ही किती रुंद कराल?