दहा सेकंदांची फट

विंडोज संगणकावर एखादा प्रोग्रॅम सुरू झाला, एखादी सेवा बंद पडली किंवा कोणी पेनड्राइव्ह खोचला, की त्याची वर्दी दुसऱ्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवण्याचे काम 'विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन' म्हणजे डब्ल्यूएमआय करते. तिचे मूळ १९९६ साली सुरू झालेल्या 'वेब-बेस्ड एंटरप्राइज मॅनेजमेंट' या उपक्रमात आहे. विंडोज २०००पासून ती प्रणालीचाच भाग झाली. २००२ साली डॉटनेट फ्रेमवर्क आले आणि त्यातील 'सिस्टम.मॅनेजमेंट' या नेमस्पेसमधून तिच्याकडे विचारणा करणे सोपे झाले. घटनांच्या विचारणेसाठी तेथे 'डब्ल्यूक्यूएलइव्हेंटक्वेरी' हा क्लास आहे.

नेहमीची क्वेरी 'आत्ता काय काय चालू आहे' हे विचारते आणि उत्तर घेऊन मोकळी होते. घटनेची क्वेरी 'यापुढे काही घडले तर सांग' असे सांगून ठेवते. तिची भाषा डब्ल्यूक्यूएल ही एसक्यूएलच्याच वळणाची, पण तुटपुंजी आहे. नवा प्रोग्रॅम सुरू झाल्याचे कळावे म्हणून लिहायची क्वेरी अशी:

सिलेक्ट * फ्रॉम __इन्स्टन्सक्रिएशनइव्हेंट विदिन १० व्हेअर टार्गेटइन्स्टन्स इसा 'विन३२_प्रोसेस'

हे वाक्य हाताने जुळवताना अवतरणचिन्हे हमखास चुकतात. क्लासला घटनेचे नाव, कालावधी आणि अट असे तीन तुकडे दिले की वाक्य तोच जुळवतो. तयार क्वेरी 'मॅनेजमेंटइव्हेंटवॉचर'कडे सोपवतात. 'वेटफॉरनेक्स्टइव्हेंट' म्हटले तर प्रोग्रॅम घटना येईपर्यंत तिथेच अडून राहतो, आणि मुदत घातली नसेल तर कितीही वेळ. 'स्टार्ट' म्हटले तर पाळत मागे चालू राहते आणि घटना आली की ठरवून दिलेले फंक्शन चालते.

सगळी मेख 'विदिन १०' या दोन शब्दांत आहे. विन३२_प्रोसेससारख्या क्लासमध्ये झालेला बदल डब्ल्यूएमआयला कोणी आपणहून येऊन सांगत नाही. ती दर १० सेकंदांनी गस्तीची फेरी मारते, चालू प्रोग्रॅमची यादी घेते, मागच्या यादीशी ताडून पाहते आणि फरक दिसला तर त्याला घटना म्हणते. 'इव्हेंट' या भारदस्त नावामागे प्रत्यक्षात दोन याद्यांची वजाबाकी असते.

याचा पुरावा खुद्द घटनेतच सापडतो. नोटपॅड उघडल्यावर हाती येणाऱ्या घटनेत दोन वेळा असतात. 'टाइम_क्रिएटेड' ही घटना तयार झाल्याची वेळ: १ जानेवारी १६०१पासून मोजलेली, सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत काटेकोर आणि जागतिक प्रमाणवेळेत. 'टार्गेटइन्स्टन्स'मधली 'क्रिएशनडेट' ही नोटपॅड खरोखर सुरू झाल्याची वेळ. भारतीय वेळेवर लावलेल्या संगणकात तिच्या शेवटी '+३३०' असते, म्हणजे साडेपाच तासांची मिनिटे. तेवढा फरक काढून टाकला तरी दोन्ही वेळा जुळत नाहीत. मधले अंतर कधी २ सेकंदांचे असते, कधी ९. गस्तवाल्याच्या वहीत तो पोहोचल्याची वेळ असते, चोर आल्याची नव्हे. मग घड्याळ कितीही बारीक का असेना.

उशीर एक वेळ चालून जातो, पण सुटलेल्या घटनेचे काय? कमांड प्रॉम्प्टवर 'आयपीकॉन्फिग' चालवले की ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. ते दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊन गेले, तर दोन्ही याद्या सारख्याच दिसतात आणि वॉचर गप्प राहतो. कालावधी १ सेकंद केला तरी फट बुजत नाही, अरुंद होते. शिवाय यादी दर सेकंदाला घ्यावी लागत असल्याने संगणकावरचा भार वाढतो. फारच लहान कालावधी मागितला, तर डब्ल्यूएमआय क्वेरीच नाकारू शकते.

क्षणभर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी 'विन३२_प्रोसेसस्टार्टट्रेस' ही घटना बरी. येथे गस्त नसते. प्रोग्रॅम सुरू होताच खाली कर्नलमधूनच खबर निघते, म्हणून 'विदिन' लागत नाही. मात्र त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि खबरही त्रोटक असते: प्रोग्रॅमचे नाव, त्याचा क्रमांक, त्याला सुरू करणाऱ्याचा क्रमांक. कोणत्या कमांडने तो सुरू झाला, हे त्यात नसते. ते 'विन३२_प्रोसेस'मध्ये सापडते; पण तिकडे विचारायला जावे, तोवर प्रोग्रॅम संपलेला असू शकतो.

सेवांवर पाळत ठेवताना मात्र १० सेकंदांची गस्त सहसा पुरते, कारण बंद पडलेली सेवा बहुधा बंदच राहते. '__इन्स्टन्समॉडिफिकेशनइव्हेंट'मध्ये बदलाआधीची आणि नंतरची अशा दोन्ही स्थिती मिळतात. घटनांचा भडिमार होत असेल, तर 'ग्रुप विदिन' वापरून ठरावीक काळातल्या घटनांची एकच वर्दी आणि त्यांची संख्या मागता येते.

काम संपले की वॉचरला 'स्टॉप' सांगायचे. प्रोग्रॅम बंद झाला की अशी पाळतही संपते. प्रोग्रॅमवाचून, संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकणारी कायमची नोंदणी डब्ल्यूएमआयमध्ये निराळी करता येते, आणि घुसखोरांनीही तिचा वापर करून घेतलेला आहे. दोन्हींत विचारायची क्वेरी हीच, आणि 'विदिन १०' लिहिले असेल तर फटही तेवढीच.