शेअर्ड फोल्डरमधले मेल गेले कुठे?

न्हावा-शेवा बंदराच्या जोरावर चालणाऱ्या वाशी-बेलापूरच्या क्लिअरिंग एजंटांच्या कचेऱ्यांत एक मेलबॉक्स सगळ्यांचा असतो. बिल ऑफ लॅडिंग, अरायव्हल नोटीस, डिलिव्हरी ऑर्डर, सगळं त्यातच येतं. मेल सर्व्हर बदलला आणि सकाळी त्यातले अर्धे फोल्डर रिकामे दिसले, की एकच ओरड होते: डेटा उडाला! बंदरातल्या कंटेनरचे फ्री डेज, म्हणजे विलंब-आकार न लागणारे दिवस, संपत आलेले असतात, त्यामुळे ही घबराट समजण्यासारखी आहे. तरीही लगेच काही पुसू नका, फोल्डर नव्याने बनवू नका. आधी मेल नेमका कुठे आहे ते पाहा.

माझ्या स्क्रीनवर नाही म्हणजे सर्व्हरवरही नाही, हा पहिला गैरसमज. आउटलुक संगणकावर एक प्रत साठवतं आणि ती अनेकदा ठरावीक महिन्यांपुरतीच असते. आयमॅप या मेल वाचण्याच्या प्रोटोकॉलवर चालणारे बरेच प्रोग्राम फक्त ‘सबस्क्राइब’ केलेले फोल्डर दाखवतात आणि नव्या सर्व्हरवर ती यादी कोरी असू शकते. म्हणून ब्राउझरमधून वेबमेल उघडा. तिथे मेल दिसला तर तो सुरक्षित आहे, दुरुस्ती फक्त संगणकावर करायची.

फोल्डर आले म्हणजे परवानग्याही आल्या, असंही धरलं जातं. आयमॅपमध्ये फोल्डरचे हक्क हा मूळ प्रोटोकॉलला जोडलेला वेगळा भाग आहे. मेल कॉपी करणारी साधनं ते हक्क सहसा सोबत नेत नाहीत. मग मालकाला सगळं दिसतं आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला काहीच नाही. अॅडमिनने पूर्ण हक्काच्या खात्यातून पाहिलं की उलगडा होतो.

सर्वांत जास्त वाद आकड्यांवरून होतात. जुन्या फोल्डरमधली संख्या नव्याशी जुळली नाही म्हणजे मेल गेलेच, असं नाही. आयमॅपसिंक हे साधन मेल ओळखतं ते मेसेज-आयडी आणि रिसीव्ह्ड या हेडरांवरून. एकाच मेलच्या दोन प्रती असतील तर ते एकच नेतं. पण दोन्ही हेडर नसलेले मेल, विशेषतः ड्राफ्ट आणि पाठवलेले, ते मुळात उचलतच नाही. ही मात्र खरी तूट आहे आणि ‘अॅडहेडर’ पर्याय देऊन पुन्हा चालवल्यावर ती भरते. तसंच आयमॅपमार्गे मायक्रोसॉफ्ट ३६५ वर जाताना मोठ्या स्कॅन फाइलींचे मेल आकाराच्या मर्यादेमुळे मागे राहू शकतात. आमच्याकडच्या कागदपत्रांच्या कामात हे घडण्याची शक्यता बरीच, म्हणून स्थलांतराच्या अहवालातली वगळलेल्या मेलची यादी ओळ न् ओळ वाचायला हवी.

‘आम्ही दिलेली उत्तरं गायब झाली’ ही तक्रार तर नेहमीचीच. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये शेअर्ड मेलबॉक्सच्या नावाने पाठवलेलं उत्तर, वेगळी सोय चालू केली नसेल तर, पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये जातं. ज्याने उत्तर पाठवलं त्या सहकाऱ्याला विचारा.

आणि जुना सर्व्हर त्याच दिवशी बंद करायची घाई? मेल कोणत्या सर्व्हरवर जावा हे सांगणारी एमएक्स नोंद बदलली तरी जुनी नोंद लक्षात ठेवलेले सर्व्हर काही काळ मेल तिथेच टाकत राहतात. एक शेवटचा सिंक त्यानंतर चालवावा लागतो. तोवर जुनं यंत्र चालू राहू द्या, आणि ते बंद करण्याची परवानगी तो फोल्डर रोज वापरणाऱ्या डॉक्युमेंटेशनच्या माणसांकडून घ्या.