तीन लाख चाललेली पिकअप

"बघायला येतोय, पण आम्ही पोचेपर्यंत गाडीला चावी लावू नका." आमच्या मेकॅनिक मिस्त्रींनी पिकअपच्या मालकाला फोनवर एवढंच सांगितलं. किंमत विचारली नाही, किलोमीटर विचारले नाहीत. पोलादपूरला उतरल्यावर त्यांनी आधी बोनेटवर तळहात ठेवला, मग बोनेट उचलून रेडिएटरच्या नळीला हात लावला. दोन्ही गार होतं. मग मालकाशी बोलणं सुरू झालं.

गार इंजिन खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. दमलेलं डिझेल इंजिन तापलेलं असेल तर अर्ध्या चावीत सुरू होतं आणि बघणाऱ्याला ते ठणठणीत वाटतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला मात्र कॉम्प्रेशन कमी पडलं की स्टार्टर जास्त वेळ ओढावा लागतो. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवायची, ही जुनी खोड आहे आणि दलालांच्या आवारात ती सर्रास चालते.

गाडी माझ्या भाच्याला हवी होती. तो मुंबईची नोकरी सोडून गावी आला. आता वाईकडून भाजी भरतो, महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपुरात उतरतो आणि कशेडीपर्यंतच्या गावांतल्या दुकानांना माल देतो. आजवर भाड्याच्या गाडीने हे चाललं होतं. भाड्यात नफा जातो म्हणून स्वतःची गाडी घ्यायची ठरली. नवी पिकअप आज हौद्यासकट नऊ-दहा लाखांत जाते आणि हप्त्याचा आकडा भाजीच्या धंद्याला पेलणारा नाही. म्हणून जुनी. समोर होती ती 2018 सालची बोलेरो पिकअप, 2523 सीसीचं इंजिन, मीटरवर तीन लाख अकरा हजार. भाच्याचा चेहरा तो आकडा बघून पडला. आदल्या आठवड्यात त्याने त्याच सालची, एक लाख पाच हजार चाललेली गाडी बघून ठेवली होती आणि त्याचं मन तिकडेच होतं.

मिस्त्रींनी त्याला तिथेच उभं करून हिशेब घातला. "ती एक लाखवाली कुठे चालत होती? खाणीवर. चिरा भरून पहिल्या-दुसऱ्या गिअरात, ताशी बारा किलोमीटरने. म्हणजे इंजिन किती तास फिरलं? आठ हजारांवर. ही रोज सकाळी महाडहून चिपळूणला जाऊन परत यायची. बेकरीचा माल, वजनाला हलका. ताशी चाळीस धर. तीन लाखांना साडेसात-पावणेआठ हजार तास. आता सांग, जास्त कोण चाललं?"

मला त्या दिवशी सगळ्यात मोलाची वाटली ती हीच गोष्ट. मीटर अंतर मोजतो, झीज मोजत नाही. जांभ्याचा चिरा वाहिलेल्या गाडीचे पाटे सपाट होतात, मागचं हाउसिंग कण्हतं, चासीला पाट्याच्या हँगरपाशी बारीक तडे जातात. हर्णैच्या बंदरावरून मासळी वाहिलेली गाडी वरून रंगवून चकचकीत केलेली असते, पण बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून खाली उतरत राहिलेलं असतं. चासीच्या आतून ती कुजते. आंब्याची गाडी हंगामात रात्री-अपरात्री वाशीच्या बाजारात पोचायच्या घाईत पळवलेली असते. तेव्हा जुनी पिकअप बघताना पहिला प्रश्न 'किती चालली' हा नसावा. 'काय वाहिलं आणि कोणी चालवली' हा असावा.

आमच्या भागात त्याला आणखी एक प्रश्न जोडावा लागतो: 22 जुलै 2021 ला गाडी कुठे होती? त्या दिवशी सावित्री आणि गांधारीच्या पुरात महाड शहर बुडालं. कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन, दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आल्या, काही जिल्ह्याबाहेर विकल्या गेल्या. अशी गाडी विकणारा प्रत्येक जण लबाड असतो असं मी म्हणणार नाही. ज्याचं घर-दुकान दोन्ही गेलं त्याने दारातली गाडी दुरुस्त करून विकली तर त्याला दोष कसा द्यायचा? पण घेणाऱ्याला ते कळलं पाहिजे आणि भावात उतरलं पाहिजे. मिस्त्रींनी ड्रायव्हरची सीट काढायला लावली. सीटच्या पट्ट्यांखाली चिखलाचा वाळका थर आहे का, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज आहे का, मागच्या दिव्याच्या काचेत आतून पाण्याची रेघ उमटलीय का, हे सगळं बॅटरी घेऊन पाहिलं. पुरातल्या गाडीचं इंजिन दुरुस्त करता येतं. वायरिंग मात्र पुढे दोन-तीन पावसाळे एकेक दिवा, एकेक सेन्सर करून दगा देत राहतं. या गाडीत तसं काही नव्हतं. मालक म्हणाले, "त्या रात्री गाडी चिपळूणच्या वरच्या अंगाला चढावर लावली होती, म्हणून वाचली."

इंजिनावर धूळ होती, तेलकट चिकटा होता. भाच्याला ते अस्वच्छ वाटलं, मिस्त्रींना बरं वाटलं. धुऊन पुसलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही. धूळ बसलेल्या इंजिनावर तेल कुठून झिरपतंय त्याची वाट उमटलेली असते. ऑईलची पट्टी काढली. तेल काळं. डिझेल गाडीचं तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्याला घाबरायचं नसतं. घाबरायचं ते दुधाळ रंगाला, कारण त्याचा अर्थ तेलात पाणी उतरलंय. रेडिएटरचं झाकण उघडून आत तेलाचा तवंग आहे का तेही बघितलं. मग चावी. दुसऱ्या फिरकीला इंजिन लागलं. सायलेन्सरमधून पांढरट धूर आला आणि जरा वेळात विरला. पावसाळी सकाळी तो यायचाच. विरला नसता तर हेड गॅस्केटची शंका होती. निळा आला असता तर इंजिन तेल पीतंय असा अर्थ. काळा आला असता तर एअर फिल्टर, टर्बो किंवा नोझल बघावे लागले असते.

त्यानंतर मिस्त्री गाडीखाली गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. नुसता हातोडीचा टणटण आवाज. चासीवर ठोकत जायचं, आवाज बद्द आला तिथे थांबायचं. बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे तीन गोष्टी होत्या: मागच्या डाव्या पाट्याचा शॅकल बुश गेलाय, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला किंचित ढिलाई आहे, हाउसिंगच्या सीलमधून तेल पाझरतंय. मालकांनी यातलं काहीही नाकारलं नाही. बुशचं त्यांनी स्वतःच आधी सांगितलं होतं.

टायर दिसायला चांगले होते, तरी मिस्त्रींनी टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचून दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. 2322 असेल तर 2022 सालचा तेविसावा आठवडा. मागचे दोन टायर गाडीपेक्षा चार-पाच वर्षांनी धाकटे, पुढचे त्याहून नवे. इतक्या चालीला हे बरोबर बसत होतं. क्लच-ब्रेकच्या पेडलची रबरं घासून गुळगुळीत झालेली, स्टिअरिंगचा वरचा भाग तळव्यांनी चकाकलेला. मीटर मागे फिरवता येतो, पण पेडलची झीज मागे फिरवता येत नाही. मिस्त्री मीटरवर विश्वास ठेवायच्या आधी नेहमी पेडल बघतात.

खरी परीक्षा घाटात. शेजारच्या दुकानातली पशुखाद्याची पोती वर कशेडीकडे जायची होती. पन्नास किलोची वीस पोती, म्हणजे एक टन. मालकांनीच सुचवलं की भरून न्या. रिकामी पिकअप चालवून काही समजत नाही, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. चोळई, धामणदेवी मागे टाकून भोगावपाशी आलो. तिथून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा आता कशेडी घाट टाळून पलीकडे खेडच्या बाजूला नेतो. 2023 च्या गणपतीत त्याची एक बाजू हलक्या गाड्यांसाठी पहिल्यांदा उघडली, तेव्हा चाकरमान्यांचा घाटातला खोळंबा सुटला. मिस्त्रींनी मात्र जुन्या घाटाचा रस्ता धरायला लावला. वळणं, चढ, खड्डे, सगळं तिथेच होतं.

चढावर दुसऱ्या गिअरात पाय दाबला की इंजिनाचा आवाज वाढावा आणि त्याच्याबरोबर गाडीही पुढे सरकावी. आवाज वाढतोय आणि गाडी तिथेच, असं झालं तर क्लच प्लेट सरकतेय. एका अवघड वळणानंतर तसा भास झाला. मिस्त्रींनी मान हलवली, "प्लेट धर. सहा महिने चालेल, पण आपल्या खर्चात धर." पाण्याचा काटा मध्यावरून हलला नाही. माथ्यावर गाडी थांबवून चालू इंजिनावर ऑईलचं झाकण सैल केलं. झाकण थरथरत होतं, उडत नव्हतं. रिंगा झिजलेल्या असत्या तर तिथून धुराचा फुत्कार आला असता. मग इंजिन बंद करून लगेच पुन्हा चावी. गरम असतानाही एका फिरकीत लागलं. हीही चाचणी लोक विसरतात. पंप किंवा नोझल थकलेले असले की काही गाड्या गार असताना नीट लागतात आणि गरम झाल्यावर हटून बसतात.

उतारावर मिस्त्रींनी भाच्याला गिअरच्या दांड्यावरून हात काढायला सांगितला. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, पाय उचलून, इंजिनाच्या अडणुकीवर गाडी उतरू द्यायची. गिअरबॉक्स झिजलेला असेल तर अशा वेळी गिअर निसटतो आणि गाडी मोकळी सुटते. आंबेनळीसारख्या घाटात रोज भरलेली गाडी उतरवणाऱ्यासाठी हा एक दोष जिवावरचा आहे. गिअर धरून राहिला. खाली आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन ऊब तपासली. एखादं चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. एखादं गारच राहिलं तर तिथे ब्रेक लागतच नाही. डाव्या-उजव्या बाजूंची ऊब सारखी होती.

मालक माथ्यावर थांबताना इंजिन लगेच बंद करत नव्हते. चढ चढून आल्यावर मिनिटभर तसंच चालू ठेवायचे, टर्बो निवेपर्यंत. कोणी सांगितलं म्हणून नाही, हाताची सवय. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आम्ही आयुष्यभर पाहिले. मालकांनी तसं कधी केलं नसणार, हे ब्रेकचे ड्रमच सांगत होते. खाली आल्यावर त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली. ऑईल बदलल्याची, फिल्टरची, लायनरची बिलं, प्रत्येकावर पेनाने लिहिलेले त्या दिवशीचे किलोमीटर. बिलांवरचे आकडे ओळीने चढत गेलेले. मीटर खरा असल्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. "मेंटेन गाडी" हा शब्द प्रत्येक विकणाऱ्याच्या तोंडी असतो. इथे तो कागदावर होता.

भावाचं बोलणं फार लांबलं नाही. क्लच, बुश, क्रॉस आणि सील यांचा खर्च मिस्त्रींनी जागेवर मांडला आणि तेवढे कमी करून मागितले. "एवढी चालल्येय म्हणून आणखी सोडा" असं भाचा म्हणायला गेला, तेव्हा मिस्त्रींनी त्याला थांबवलं. ज्या माणसाने सहा-सात वर्षं वेळेवर तेल बदललं, त्याला किलोमीटरवरून पाडून घेणं बरोबर नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मला ते पटलं.

विसार मात्र कागद बघितल्यावरच दिला. आरसीवर बँकेचा बोजा होता. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचा ना हरकत दाखला आणि 35 नंबरचा फॉर्म आरटीओत गेल्याशिवाय तो उतरत नाही. पासिंग चालू आहे का ते पाहिलं. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस लागतं, नंतर दरवर्षी. म्हणजे ही गाडी लवकरच वर्षाच्या पासिंगला येणार, तो खर्च गृहीत धरावा लागतो. एकूण वजन 3000 किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, म्हणून आरसीवरचं वजन वाचून घेतलं. हौद्याची उंची नंतर वाढवलेली नाही ना, थकलेली ई-चलानं आहेत का, हेही पाहिलं. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला आणि आरसीशी ताडून बघितला.

सह्या केलेले मालकी-बदलाचे टीटी फॉर्म खिशात घालून महिनोन् महिने गाडी जुन्या मालकाच्या नावावर चालवायची, ही रीत आमच्याकडे अजून आहे. ती मोडली पाहिजे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव आहे तोच भरपाईला बांधील. ज्याने प्रामाणिकपणे गाडी विकली त्याच्या डोक्यावर हे ओझं ठेवणं अन्याय आहे. घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो आणि विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो.

गाडी आता भाच्याच्या नावावर आहे, क्लच प्लेट बदलली आहे, भाजी भरून ती आंबेनळी उतरते. बिलांची पिशवी मालकांनी आरसीबरोबर दिली आणि भाच्याने त्यात पहिलं बिल टाकलं, किलोमीटर लिहून. तुमच्याकडे अशी गाडी असेल आणि ती कधी विकायला काढाल, तर ती बिलं रद्दीत घालू नका. घेणाऱ्याच्या हातात द्या.