पेटी गाते म्हणजे काय? : गोविंदराव टेंबे यांच्या निमित्ताने

आज आपण एक साधा प्रश्न घेऊ. 'पेटी गाते' असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय घडतं? उत्तरासाठी गोविंदराव टेंबे यांच्याकडे जाऊ.

टेंब्यांचा जन्म 1881 चा, कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावचा. भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँसाहेब यांच्या गाण्यावर त्यांचा कान घडला. 1911 साली खाडिलकरांच्या 'मानापमान'ला त्यांनी चाली दिल्या आणि उत्तरेकडच्या ठुमरीचा रंग मराठी रंगभूमीवर आणला. 1913 साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. 1932 च्या 'अयोध्येचा राजा' बोलपटात हरिश्चंद्र तेच, संगीतही त्यांचंच. एवढं सगळं करूनही जाणकारांच्या लेखी ते मुख्यतः पेटीवाले.

आता अडचण बघा. पेटीच्या एका सप्तकात बारा पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या मधे काहीच नाही. आणि आपल्या गाण्यातली मींड, आंदोलन, श्रुती तर त्या मधल्या जागेतच राहतात! दरबारीचा डुलणारा कोमल गंधार पेटीवर येत नाही, हा आक्षेप खराच आहे. अशाच आक्षेपांमुळे रेडिओने 1940 साली पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला 1971 उजाडलं.

मग वाजवणारा काय करतो? पुढची पट्टी दाबल्यावरच मागची सोडतो. शेजारच्या सुराला ओझरता स्पर्श करतो. भात्यावर दम राखून सूर भरतो, विरवतो.

हीच अडचण अमेरिकेत पियानोची. तिथल्या दक्षिणेत, जॉर्जियात, 1930 साली जन्मलेला रे चार्ल्स चर्चचं गाणं आणि ब्लूज एकत्र आणून गायचा, पियानोही स्वतःच वाजवायचा. ब्लूजला दोन पट्ट्यांच्या मधला गंधार हवा असतो. म्हणून ब्लूज वाजवणारे कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर बोट निसटवतात, आणि मधला सूर ऐकू आल्यासारखा वाटतो.

आनंदवर्धनाने काव्याबद्दल हेच म्हटलं होतं. शब्दात नसलेला अर्थ सुचवता येतो. तशी मींड पेटीत नसते, ती ऐकणाऱ्याच्या कानात पुरी होते. पण सुचवायचं काय, हे वाजवणाऱ्याला आधी माहीत हवं ना? टेंबे गात होते, म्हणून त्यांच्या बोटांना ते ठाऊक होतं.

वाकडच्या सोसायट्यांत आपली नातवंडं कीबोर्ड शिकतात. बोटं जरूर चालू देत. पण वाजवायची ओळ आधी गळ्यातून म्हणायला लावू या. मधल्या जागा कुठे आहेत, ते गळाच दाखवतो.