चवदार तळ्याचा धडा आणि संशोधनाचे आकडे

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतील औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसतात. १३५० मेगावॉटचे हे केंद्र अप्पर वर्धा धरणाच्या पाण्यावर चालते. सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचे पाणी वीज केंद्राला का, या प्रश्नावर याच जिल्ह्यात मोठे आंदोलन झाले. आता त्याच नांदगाव पेठला मोठे वस्त्रोद्योग पार्क येत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली.

धूर किती निघतो, पाणी किती लागते, राख कुठे जाते, हे सारे मोजले जाते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो आणि हा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज असतो. पण परिसरातल्या किती घरांनी तो पाहिला? ज्यांच्या छातीत धूर जातो, त्यांनाच त्या धुराचा आकडा माहीत नसावा, ही कुठली व्यवस्था?

हा प्रश्न एका गावाचा नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९६९ पासून संशोधन चालू आहे. अमरावती विद्यापीठात १९८३ पासून प्रबंध लिहिले जात आहेत. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातली माती आणि पाणी किती तरी जणांनी तपासले असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन कोठारात येऊ लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु प्रबंधात बहुतेकदा सरासरीचे तक्ते असतात. कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या तारखेला किती खारट होते, हा मूळ आकडा संशोधकाच्या वहीत नाही तर संगणकात राहतो. संशोधक नोकरीला लागला, संगणक बिघडला, की आकडेही गेले! पुढच्या विद्यार्थ्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आणि सरकारने पुन्हा पैसा द्यायचा.

जगात यावर उपाय निघालेला आहे. संशोधनाचा मूळ डाटा ऑनलाइन कोठारात ठेवायचा, त्याला कायमचा क्रमांक घ्यायचा, कसा मोजला ते सोबत लिहायचे आणि कोणालाही तो मोफत वापरू द्यायचा. प्रथिनांच्या रचनांचे असे एक कोठार १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाले. आज त्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या कामाला मिळाले, त्यातले मोठे काम याच उघड्या डाटावर उभे आहे. जानेवारी २०२० मध्ये कोरोना विषाणूची जनुकीय रचना उघड झाली, म्हणून जगभर लस आणि तपासणीचे काम लगेच सुरू होऊ शकले. आकडे कुलपात राहिले असते तर किती जीव गेले असते?

आपल्या चळवळीला हे नवीन नाही. १९१८ मध्ये बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तेव्हाचे सरकारी अहवाल आणि आकडे त्यांनी तपासले आणि दाखवून दिले की दुखणे केवळ तुकड्याच्या आकाराचे नाही. भांडवल, अवजारे आणि शेतीवर पडलेला माणसांचा भार यांचेही आहे. छापील अहवाल वाचायला मिळाले म्हणून हा निष्कर्ष निघू शकला. आकडे ज्याच्या हाती, युक्तिवादही त्याच्याच हाती असतो!

आपल्याकडे कायदे-धोरणे नाहीत असे नाही. सार्वजनिक पैशातून तयार झालेला, गोपनीय नसलेला डाटा लोकांना द्यावा, असे केंद्राचे धोरण २०१२ मध्ये आले. फरिदाबादला जैविक डाटाचे राष्ट्रीय केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले. पण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे सर्वांना खुली करावीत, हा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन गेले, तेव्हाच ते पाणी ओंजळीत आले. डाटाचेही तेच आहे. धोरण ठरावाच्या अवस्थेत आहे, ओंजळ अजून भरायची आहे.

येथे एक सावधानताही हवी. वस्तीत येऊन रक्त तपासायचे, कुपोषण मोजायचे, जात विचारायची आणि निष्कर्ष मात्र परत आणून सांगायचा नाही, हा प्रकार आपल्या लोकांनी पुष्कळ पाहिला. माणसाचे नाव, पत्ता, आजार उघड होता कामा नये. नावे काढून आकडे द्यावेत आणि ते प्रथम त्या वस्तीला मराठीत समजावून सांगावेत. मात्र गोपनीयतेचे निमित्त करून सारेच दडवणेही चालणार नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेतील जातींचे आकडे आजवर प्रसिद्ध झालेले नाहीत. ओबीसींचे आकडे मिळावेत म्हणून महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. आकडे सदोष आहेत, असे केंद्राचे म्हणणे होते आणि डिसेंबर २०२१ मध्ये याचिका फेटाळली गेली. पण नावे वगळून आकडे उघडले, तरच अभ्यासकांना त्यातले दोष शोधता येतील ना? बंद पेटीतली चूक कोण सुधारणार?

तेव्हा अमरावती-अकोल्यातील आपल्या संशोधक विद्यार्थ्यांनी वाट पाहत बसू नये. प्रबंध सादर करताना मूळ आकडेही ‘झेनोडो’सारख्या मोफत कोठारात ठेवावेत आणि वर चार ओळी मराठीत लिहाव्यात. मार्गदर्शक प्राध्यापकांनी तसा आग्रह धरावा. परिसरातल्या तरुणांनी जून आणि डिसेंबरचे अहवाल मिळवावेत, न मिळाल्यास माहितीचा अधिकार वापरावा आणि बुद्धविहारात बसून ते सर्वांसमोर मोठ्याने वाचावेत. ज्या हवेत आपली मुले श्वास घेतात, तिचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे आणि तो मागितल्याशिवाय कोणी आणून देणार नाही!