रेघ लोखंडाची, बोल फरशीला

लोखंडी पलंग किंवा कपाट फरशीवरून ओढले, की मागे काळपट रेघ राहते. घरात तिला ओरखडा म्हणतात, फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला बोल लावतात आणि तारेची घासणी घेऊन बसतात. यातले निदानच बहुतेक वेळा चुकलेले असते, आणि त्या निदानावर केलेला उपाय चांगली फरशी कायमची बिघडवतो. जालना जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरी भेटतो, कारण शहराची ओळखच स्टीलची. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार होते, आणि पलंग, दारे, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे फॅब्रिकेशनच्या दुकानांत जोडून मिळतात. पायाखालची शहाबादी मात्र नव्या घरांतून गेली आणि तिच्या जागी गुजरातेतल्या मोरबीसारख्या ठिकाणच्या सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. लोखंड आणि काचेसारखी झिलई आता रोज एकमेकांवर घासतात, आणि या घासाघाशीत झिजते ते लोखंड. ती काळी रेघ म्हणजे पलंगाच्या पायाचे फरशीवर चिकटून राहिलेले कण.

जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रेडरिक मोह्स यांनी १८१२ मध्ये मांडलेली काठिण्याची पट्टी इथे उपयोगी पडते. तीत शंखजिरे १ वर आणि हिरा १० वर. ॲल्युमिनिअम ३ च्या आत येते, साधे लोखंड ४ ते ५ च्या दरम्यान, आणि टाइलवरची झिलई साधारण ५ ते ६ किंवा त्याहून वर. दोन वस्तू घासल्या, की नरम वस्तूचे कण सुटतात. सराफाचा कसोटीचा दगड याच नियमावर चालतो. दगडावर घासल्यावर उमटते ती सोन्याची रेघ, दगडाला इजा होत नाही. मग सराफ त्या रेघेवर ॲसिडचा थेंब टाकून सोन्याचा कस पाहतो. शहाबादी हा चुनखडीचा दगड, पट्टीवर जेमतेम ३. तिच्यावरून तोच पलंग ओढला तर रेघ पांढुरकी पडते, कारण तिथे दगडच खरवडला जातो. पलंग एकच असताना जुन्या घरात पांढरी रेघ आणि नव्या घरात काळी, हा पुरावा ज्याला हवा त्याने स्वतः पाहावा. नखानेही परीक्षा होते. फरशी पुसून कोरडी करा आणि रेघेवरून आडवे नख फिरवा. ते सरळ सरकले आणि तिरप्या उजेडात रेघ करड्या रंगाने चमकली, तर तो धातूचा थर. नख अडकले, किंवा रेघेत झिलईखालच्या मातीचा रंग दिसला, तर तो खरा ओरखडा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की माल हलका होता म्हणूनच रेघा उमटल्या, भारी टाइलवर उमटत नाहीत. यात थोडे तथ्य आहे, पण दिशा उलटी आहे. पांढऱ्या झिलईला अपारदर्शकपणा यावा म्हणून तीत झिरकॉन घालतात, आणि त्याचे काठिण्य ७.५ च्या आसपास असते. त्याचे बारीक कण पृष्ठभागावर आले, की फरशी कानशीसारखी वागते आणि धातू खरवडून घेते. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या बशीत चमच्याच्या करड्या रेघा दिसतात त्याही याच कारणाने. मॅट किंवा न घसरणारी टाइल मुद्दाम खडबडीत ठेवलेली असते, म्हणून चकचकीत टाइलपेक्षा तिच्यावर रेघा जास्त उमटतात; ती हलकी असते म्हणून नव्हे. दुकानदार खोक्यावरचा पीईआय वर्ग दाखवतो. ० ते ५ पर्यंतचा हा वर्ग, पोलादी गोळ्या आणि ॲल्युमिनाची पूड झिलईवर फिरवून ती किती झिजते यावरून ठरतो. पायदळी झिजण्याबद्दल तो भरवशाचा आहे, पण धातूची रेघ किती सहज उमटेल हे त्यावरून कळत नाही. घेण्याआधी नमुन्याच्या टाइलवर एखादी किल्ली ओढून आणि ती रेघ पुसून पाहणे, ही जास्त कामाची परीक्षा.

रेघ धातूची आहे हे पटले, की फरशीला धक्का न लावता धातू कसा काढायचा एवढाच प्रश्न उरतो. ॲल्युमिनिअमच्या शिडीची किंवा पातेल्याची रेघ फारच नरम असते. खाण्याच्या सोड्याचा घट्ट लगदा ओल्या सुती फडक्याने थोडा वेळ चोळला, की ती बरीचशी निघते. लोखंडाच्या रेघेला तेवढ्याने भागत नाही, तिथे सौम्य आम्ल लागते. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात दाट विरघळवून फडके भिजवावे, ते रेघेवर काही मिनिटे ठेवावे, मग प्लॅस्टिकच्या घासणीने चोळून भरपूर पाण्याने धुवावे. गॅस सिलिंडरच्या तळाचे गंजलेले कडे वर्षानुवर्षे एकाच जागी राहिले असेल, तर ऑक्झॅलिक ॲसिडचे पातळ पाणी जास्त गुण देते, कारण ते लोखंडाला विरघळलेल्या रूपात धरून ठेवते. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे घालावेत आणि मुलांना लांब ठेवावे. स्टेनलेस स्टीलची रेघ या आम्लांना फारशी दाद देत नाही. तिला भांड्यांची बारीक पावडर आणि चिकाटी लागते. चकचकीत टाइलवर मात्र कोणतीही पावडर आधी कपाटामागच्या कोपऱ्यात वापरून पाहावी. तारेच्या घासणीचे तर नावच काढू नये. ती स्वतः पोलादाची, म्हणजे एक रेघ काढायला जाऊन ती शंभर नव्या रेघा ठेवून जाते.

मग न्हाणीघरातले ॲसिड का नको? बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली अनेक घरांत असते, आणि ते लोखंडाची रेघ खरोखर काढते. म्हणूनच त्याचा मोह होतो. पण ते सांध्यांतला सिमेंटही खाते. सांधे पोकळ झाले, की पाणी फरशीखाली मुरते आणि टाइल आवाज करू लागते. त्याच्या वाफेने जवळचा पलंग आणि सिलिंडर गंजतात, म्हणजे पुढच्या डागांची सोय होते. ओटा किंवा उंबरा शहाबादी वा कोटा असेल तर थेंब पडताच दगड फेसाळतो. ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. गंज काढणाऱ्या काही तयार द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असू शकते. ते झिलईच विरघळवते आणि माणसाच्या हाडापर्यंत पोहोचते. बाटलीवर ते नाव दिसले तर ती विकतच घेऊ नये.

काही रेघा कशानेच जात नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. पलंगाच्या पायाखाली वाळूचा कण अडकला, की ओरखडा तो कण पाडतो. गोदावरीच्या वाळूतल्या गारेचे काठिण्य ७. काळी माती फरशी मळवते, पण ओरखडत नाही. चप्पल-बुटाच्या तळाला चिकटलेली खडी आणि वाळू ओरखडते. बांधकाम चालू असताना फरशी आधी बसवून मग कठडा किंवा जाळी जोडायला घेतली, तर नुकसान याहून मोठे होते. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापून लाल झालेले लोखंडाचे कण. ते झिलईत रुततात, पहिल्या पुसण्यानंतर गंजतात आणि सगळीकडे तांबूस ठिपके उठतात. वरचा गंज ऑक्झॅलिकने उतरतो, पण आत रुतलेला कण तिथेच राहतो आणि ठिपका पुन्हा उगवतो. याला वेळीच ओल्या गोणपाटाचे आच्छादन किंवा कामांचा क्रम बदलणे एवढाच इलाज. खऱ्या ओरखड्यावर मेण किंवा रंगीत भरणी लावून तो झाकता येतो, झिलई परत येत नाही. तेवढी टाइल काढून नवी बसवावी लागते. टाइल्सच्या रंगात भट्टीगणिक फरक पडतो, म्हणून खोक्यावरचा शेड नंबर लिहून ठेवावा आणि त्याच शेडच्या चार-पाच टाइल्स बांधकाम संपतानाच माळ्यावर टाकून ठेवाव्यात.