साफ करायचं की विंडोज नव्याने टाकायचं?

कॉम्प्युटरमध्ये व्हायरस निघाला की घोळ इथेच सुरू होतो. ब्राउझरचं पहिलं पान परस्पर बदललंय, जाहिराती उसळतायत, एवढंच असेल तर अनोळखी एक्स्टेन्शन काढून विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन चालवलं की बहुधा भागतं. हे स्कॅन नेहमीचं विंडोज सुरू होण्याआधी चालतं, त्यामुळे दडून बसलेल्या प्रोग्रॅमला त्यापासून लपणं अवघड जातं.

2003 पासून माहीत असलेल्या 'सॅलिटी' व्हायरसची गोष्ट वेगळी. तो चांगल्या प्रोग्रॅमच्या फाइलींतच स्वतःला घुसवतो. अँटिव्हायरसने त्या साफ केल्या तरी काही मोडतातच. रूटकिट नावाचा प्रकार तर खुद्द सिस्टिमलाच खोटं बोलायला लावतो. मग 'काही सापडलं नाही' या उत्तराला किंमत काय? पासवर्ड चोरणारं किंवा बाहेरच्याला ताबा देणारं काही आढळलं आणि त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार होत असतील, तर माझ्या मते साफसफाईत वेळ घालवूच नये, थेट विंडोज नव्याने टाकावं.

आधी फोटो, कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर काढा. सेटअप फाइली आणि फुकटातली क्रॅक केलेली सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका (रोग पुष्कळदा तिथूनच आलेला असतो!). विंडोजचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, निरोगी कॉम्प्युटरवर बनवा आणि जुनी पार्टिशनं पुसूनच विंडोज टाका. 2018 मध्ये उघडकीला आलेला 'लोजॅक्स' रूटकिट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहून यालाही पुरून उरत असे, पण घरगुती मशीनवर असं प्रकरण विरळाच.

पासवर्ड बदलायला विंडोज टाकून होईपर्यंत थांबू नका. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून ते आजच बदला, ईमेलचा सर्वांत आधी.